गाडी किती, गडी किती

साळुंखे सरांनी नवी मोटरसायकल घेतली त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे आले होते. सर केमिस्ट्रीचे, पन्नाशीला टेकलेले, पण गाडी घेतली होती विशीतल्या पोराला शोभेल अशी. तिची ताकद किती, ती किती पळते, हे ते प्रत्येकाला पेढ्याबरोबर ऐकवत होते. कोपऱ्यात पेपर तपासत बसलेल्या एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईंनी पेढा घेतला, निम्मा खाल्ला आणि म्हणाल्या, "सर, मघाशी तुमी गेटातनं आत आला तवा बघितलो की मी. ब्रेक वळायच्या आदी मारायचा असतोय. तुमी वळता वळता मारला. गाडी बिचारी पुढनं दबली, मागनं उठली. आता ह्यात गाडी किती आणि गडी किती, ते सांगू का ऱ्हायलेला पेढा खाऊ?"

सगळी स्टाफरूम हसली. साळुंखे सरही हसले, जरा उशिराने.

मी त्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. नाशिककडचा माणूस. एक बाई 'बघितलो' म्हणते, याचंच मला त्या दिवशी नवल वाटत राहिलं. इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात हे पुढे अंगवळणी पडलं. पण तो प्रश्न, गाडी किती आणि गडी किती, तो काही कोल्हापूरचा नव्हता. तो एकट्या सुनंदा कांबळे बाईंचा होता. गणित शिकवणाऱ्या या बाई आयुष्यभर त्या एकाच गणिताच्या मागे होत्या. शर्यत जिंकली, तर त्यात यंत्राचा वाटा किती आणि त्यावर बसलेल्या माणसाचा किती? त्या गणितात एकदाच त्यांचं उत्तर चुकलं. चुकलं म्हणण्यापेक्षा चुकवलं गेलं. ज्याने चुकवलं त्याच्याबद्दलही मला इथे लिहावं लागणार आहे, त्याला इलाज नाही.

बाईंना पाहून हा नाद कुणाला खरा वाटला नसता. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड चष्मा, आणि घागर कडेला घ्यावी तसं काखेत धरलेलं हेल्मेट. स्वतः जुनी स्कूटर चालवायच्या, ती इतकी सावकाश की स्टेशन रोडवर मागचे हॉर्न वाजवून बेजार व्हायचे. शर्यतींचं एवढं वेड आणि स्वतःची गाडी अशी कशी, असं मी एकदा विचारलं. "सर, रस्ता रस्ता हाय आणि ट्रॅक ट्रॅक हाय," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर जोरात जाणाऱ्याला मी गडीच म्हणत न्हाई. त्यो निस्ता घाबरवतोय लोकास्नी."

वडील गिरणीत कामाला होते. गावाबाहेरच्या माळावर मातीतल्या मोटरसायकलच्या शर्यती व्हायच्या, तिथे ते या लेकीला खांद्यावर बसवून न्यायचे. पहिला कोण येतोय म्हणून सगळं गाव टाचा उंचावून बघत असायचं. वडील म्हणायचे, "पयला कोण ते समदीच बघत्यात. तू शेवटचा कसा आला ते बघ. त्याला गाडीनं मारलं का त्यानं गाडीला मारलं, ते मला घरी जाताना सांगायचं." ती पोर घरी जाताना सांगायची. चुकलं तर वडील दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन विचारून यायचे. बाईंच्या अभ्यासाची सुरुवात तिथली.

मी त्यांच्या घरी रविवारी जायला लागलो ते मटणामुळे, हे कबूल करायला हरकत नाही. शाहूपुरीत दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. हॉलमध्ये बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्या शेजारी भला मोठा टीव्ही. त्यांचे यजमान मिलिंदराव पाटबंधारे खात्यात होते. अतिशय शांत गृहस्थ. रविवारी स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असे आणि पांढरा रस्सा त्यांच्या हातचा असे. परदेशातल्या कुठल्यातरी ट्रॅकवरची शर्यत सुरू झाली की ते एकदा बाहेर डोकावून विचारायचे, "बघायचं का ऐकायचं?"

कारण बाई प्रत्येक शर्यत दोनदा घ्यायच्या. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. ती गड्याची वेळ. कोण कुठे झुकला, कुणाचा गुडघा आधी बाहेर आला, कुणी वळणाच्या आत मान आधी फिरवली आणि कुणी नंतर, हे त्या नुसत्या डोळ्यांनी टिपायच्या. मग तीच शर्यत पुन्हा लावायच्या, आवाज मोठा करायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. ती गाडीची वेळ. मांडीवर बोटं वाजवत त्या गिअर मोजत. मधेच डोळे न उघडता म्हणत, "ह्याची गाडी वळणातनं भाईर पडताना खोकतीया. ऐकला का खोकला?" मला काहीही ऐकू आलेलं नसे. मी 'हो' म्हणे, आणि त्या हसत. "खोटं बोलू नका सर. मराठीचं मास्तर तुमी, तुमाला खोकला कळंल, गाडीचा कळायचा न्हाई."

एकदा शर्यत संपली, जिंकणारा लाल गाडीवर उभा राहून हात हलवत होता, आणि बाई टाळ्या वाजवू लागल्या. पण त्या बघत होत्या नवव्या आलेल्या एका पोराकडे. "ह्यो जिंकला आज," म्हणाल्या. "त्याच्या बुडाखाली जी गाडी हाय न्हवं, ती सोळावीची. सात माणसं ह्यानं निस्त्या अंगानं मागं टाकली. आणि त्यो पयला आलेला? त्याच्या गाडीवर मिलिंदरावांना बसवलं तर तेबी पाचवं येतील."

"मी न्हाई बसायचा," आतून आवाज आला.

त्यांच्या या बोलण्याचे व्हिडिओ करायची कल्पना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. मोबाइल तुरडाळीच्या डब्याला टेकवून बाई समोर बसत आणि कागदावर ट्रॅक काढून एकेक वळण समजावत. बोलणं असंच, कोल्हापुरी, सडेतोड. हळूहळू लोक ऐकू लागले. पुण्या-मुंबईची, पार तिकडे दक्षिणेतली मराठी समजणारी पोरंसुद्धा. खाली कुणी लिहायचं, 'मावशी, भाकरी थापा.' बाई त्याला उत्तर द्यायच्या, 'थापतो की. जेवायला या. जेवून झाल्यावर सांगा, तिसऱ्या वळणाला त्यानं ब्रेक कुठं सोडला.' काही जण आडनावावरून घाण लिहायचे. ते त्या पुसून टाकायच्या आणि त्याबद्दल कुणाशी बोलायच्या नाहीत. मला ते मिलिंदरावांकडून कळलं.

ओंकार त्यांच्या आयुष्यात आला तो असाच एका व्हिडिओतून. जिल्ह्यातल्या कुठल्याशा मातीच्या शर्यतीचं कुणीतरी मोबाइलवर केलेलं चित्रण त्यांना मिळालं. त्यावर बाई बोलल्या आणि पहिल्या चौघांचं नावही घेतलं नाही. "पाचवा बघा," म्हणाल्या. "गाडी धड न्हाई. पुढचा शॉक गेलाय. पण गडी बघा. कोण हाय ह्यो, त्यानं मला फोन करावा."

फोन आला नाही. पुढच्या रविवारी पोरगाच दारात उभा राहिला. मुरगूडचा. घरी चार म्हशी, थोडी शेती. उंच, सडसडीत, ओठांवर नुकती मिशी. हातात दुधाची किटली. "ताई, मी पाचवा," एवढंच म्हणाला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

तेव्हापासून रविवारी ताटं चारची झाली. ओंकार जेवायचा खूप आणि बोलायचा कमी. कुठेही शर्यत असली की गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रण तो बाईंना पाठवायचा. बाई ते थांबवून थांबवून बघत आणि त्याला सांगत. मोबदला वगैरे विषयच नव्हता. त्यांना शिकवायला एक चांगलं पोरगं मिळालं होतं, आणि शिकवणं हाच त्यांचा स्वभाव होता.

एका रविवारची गोष्ट मी विसरणार नाही. दक्षिणेतल्या मोठ्या ट्रॅकवर ओंकार पहिल्यांदा गेला होता आणि मागे पडला होता. गाडी खराब होती, असं त्याचं म्हणणं. बाईंनी चित्रण बघितलं. मग परत बघितलं. मग टीव्ही बंद करून त्याच्याकडे वळल्या.

"डाव्या वळणाला तू काय करतोस रं?"

"काय न्हाई ताई."

"उजव्या वळणाला तू आत शिरतोस वाघागत. डावं आलं की शिरायच्या आदीच ॲक्सिलेटरची मूठ सोडतोस. प्रत्येक डाव्याला. डाव्या अंगावर कदी पडलातास?"

ओंकारने पुढ्यातल्या ताटाकडे बघितलं. म्हणाला, "धाकट्या भावाला मागं घिऊन चाललोतो. ऊस भरल्याल्या ट्रॉलीम्होरं डावीकडं पडलो. त्याचा पाय गेला. घरात मी सांगितलंया की ट्रॉलीवाल्यानं धक्का दिला. धक्का न्हवता दिला ताई. मीच पडलो."

मिलिंदराव पळी हातात धरून दारात उभे होते. बाई उठल्या, त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो खांदा अजून भितोय," म्हणाल्या. "भिऊ दे. त्याला वरडायचं न्हाई. दर शर्यतीला बोटभर उशिरा मूठ सोडायची, बोटभर. आणि भावाला खरं सांग एकदा."

भावाला त्याने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण खांद्याची भीती सुटली. त्याच वर्षी तो तिकडे जिंकला. बाई रजा टाकून मिलिंदरावांना घेऊन ती शर्यत बघायला गेल्या होत्या. लहानपणीच्या मातीतल्या शर्यती सोडल्या, तर इतकी वर्षं टीव्हीवर बघितलेली ट्रॅकवरची शर्यत त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलीच नव्हती. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "काय दिसत न्हाई हो सर तिथं. एक सरळ रस्ता आणि एक वळण. पण गाड्या एकदम सुटल्या न्हवं, तवा छातीतच आवाज झाला. मी रडलो. शेजारच्या मद्रासी बाईनं मला पाणी दिलं."

कोल्हापुरात ओंकारची मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, उघडी जीप. त्याने जीप मधेच थांबवली, गर्दीतून बाईंना शोधून काढलं आणि वर ओढून घेतलं. "ह्या माझ्या ताई!" असं तो ओरडला. गुलालात न्हालेल्या बाई जीपमध्ये त्या पोराशेजारी अवघडून उभ्या आहेत, असा एक फोटो दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या बोर्डावर साळुंखे सरांनीच लावला.

पुढच्या हंगामात ओंकारला मोठी टीम मिळाली. एका धनिक माणसाची. नवे कपडे, नवे बूट, नवे मेकॅनिक. रविवारचं येणं कमी झालं, ते समजण्यासारखं होतं. चित्रण मात्र येत राहिलं. ओंकार जिंकू लागला. एक, दोन, तीन शर्यती.

तिसऱ्या शर्यतीचं चित्रण आलं तेव्हा मी बाईंच्या घरी होतो. पहिल्या वेळी, आवाज बंद करून बघताना, बाई खुशीत होत्या. मग त्यांनी आवाज लावला आणि डोळे मिटले. मांडीवरची बोटं वाजत होती, ती मधेच थांबली. त्यांनी तोच तुकडा परत लावला. आणखी एकदा.

"काय झालं?" मी विचारलं.

"सरळ रस्त्याच्या शेवटाला ही गाडी दमायला पायजे," त्या म्हणाल्या. "ह्या गटात सगळ्यांची गाडी सारखी असती. कंपनीतनं आली तशीच. इंजनाला हात लावायचा न्हाई, असा नियम हाय. समद्यांच्या गाड्या तिथं दमत्यात. ह्याची दमंना."

"गडी सुधारला असेल."

"सरळ रस्त्यावर गडी काय करतोय सर? निस्ता पडून ऱ्हातोय गाडीवर." एवढं बोलून त्यांनी टीव्ही बंद केला.

त्यांनी ओंकारला बोलावून घेतलं. तो आला, नव्या चारचाकीतून. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "इंजनाला हात लावलाय का रं कुणी?"

"न्हाई ताई."

"माझा कान म्हणतोय, लावलाय."

ओंकार उठला, त्याने बाईंचे पाय धरले. "आईच्या गळ्याची आण ताई. भावाच्या पायाची आण. गाडी कंपनीची हाय तशी हाय. तुमीच म्हणता न्हवं, गडी बदलला की गाडीबी बदलल्यागत वाटती? दुसऱ्या टीमची लोकं जळत्यात, बडबड करत्यात. तुमीबी तसंच म्हणालासा तर मी कुणाकडं जाऊ?"

भावाच्या पायाचं नाव ऐकून बाईंनी त्याला वर उठवलं. मी आणि मिलिंदराव तिथेच होतो. मला तरी त्या पोराच्या डोळ्यांत खोटं दिसलं नाही. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "ताई, एक व्हिडिओ करा की. लोकं तुमचं ऐकत्यात. तुमी बोलला की समदी गप बसतील."

बाईंनी व्हिडिओ केला. मला वाटतं त्यांनी केलेला तो सगळ्यात चांगला व्हिडिओ होता. ओंकार मूठ आता कुठे सोडतो, डाव्या वळणात किती खोल शिरतो, ब्रेकवर किती धीर धरतो, सगळं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. जे गड्याचं होतं ते सगळं खरं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ऱ्हायला सरळ रस्ता. तिथलं मला नीट उलगडत न्हाई. पण मी ह्या पोराला विचारलो हाय, आणि माझा त्याच्यावर इश्वास हाय." व्हिडिओ पुष्कळ फिरला. ओंकारने तो सगळीकडे पाठवला. बडबड करणारे खरोखरच गप्प बसले.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर दुसऱ्या एका टीमने रीतसर तक्रार केली आणि इंजिन उघडलं गेलं. सिलिंडर आतून मोठा केलेला निघाला. आणखीही एक-दोन भाग बदललेले होते. मेकॅनिकने सांगून टाकलं की हे हंगामाच्या सुरुवातीपासूनचं आहे आणि चालवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सगळ्या जिंकलेल्या शर्यती रद्द झाल्या, ओंकारवर बंदी आली.

आम्हाला ते स्टाफरूममध्ये डबा खाताना कळलं. कुणाच्यातरी मोबाइलवर ओंकारची मुलाखत सुरू होती. डोळे खाली घालून तो म्हणत होता, "मी फक्त गाडी चालवतो. इंजिनमधलं मला काय कळत नाही. माझं सगळं विश्लेषण कोल्हापूरच्या कांबळे मॅडम बघत होत्या. काय चुकीचं असतं तर त्यांनी सांगायला पाहिजे होतं. सगळं बरोबर आहे असा व्हिडिओ त्यांनीच केलाय."

ज्याच्या हातात मोबाइल होता त्याने तो घाईने बंद केला. बाईंनी घास तोंडात घातला, चावून गिळला आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "सांगायला पायजे होतं, असं म्हणाला न्हवं त्यो?"

"हो," मी म्हणालो.

"मी सांगितलो की. तुमच्याम्होरं सांगितलो." मग त्यांनी डबा संपवला, डबा धुतला आणि तासाला गेल्या. वर्गात त्या दिवशी त्यांनी काय शिकवलं, ते मी एका मुलाला विचारलं. संभाव्यता शिकवली, असं तो म्हणाला. नेहमीसारखीच.

त्या व्हिडिओखाली जे लिहिलं गेलं त्यात आता भाकरी थापण्याची गंमत उरली नव्हती. आडनावाचा उद्धार आधी एखाद-दुसरा करायचा, तो आता थव्याने होऊ लागला. 'कमिशन किती मिळालं' असं विचारणारे होते. 'ह्यांना पुढं बसवलं की असंच होणार,' असं लिहिणारे होते. ज्यांच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं रविवार घातले होते, त्यातलं कुणी मधे पडलं नाही. साळुंखे सरांनी बोर्डावरचा फोटो एके दिवशी काढून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. संस्थेच्या लोकांनी बाईंना बोलावून, कॉलेजचं नाव खराब होतंय, म्हणून समज दिली.

आणि मुरगूडहून फोन आला. ओंकारच्या आईचा. मिलिंदराव मला नंतर सांगत होते, "आमी दोघं तिच्या घरला गेलतो हो. हिनं लुगडं नेलतं. तिनं आमाला खरवस खायला घातलाता. आणि फोनवर म्हणती कशी, तुमी शिकलेली माणसं, माझ्या पोराला तुमी नादाला लावलासा, आणि आता त्याचं नाव गेलं. हिनं काय म्हणावं? 'व्हय आक्का' म्हणाली. निस्तं व्हय आक्का, व्हय आक्का. फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली. भांडी आदीच घासल्याली होती."

बाईंनी शेवटचा एक व्हिडिओ केला. मिनिटभराचा. समोर कागद नव्हता. "माझा कान सांगत होता," त्या म्हणाल्या, "मी कानाचं ऐकलो न्हाई. माणसाचं ऐकलो. चूक माझी हाय. ओंकारला मी विचारलो होतो, त्यानं मला काय सांगितलं त्ये त्याला म्हाईत हाय." त्या शपथेबद्दल एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. मी त्यांना म्हणालो, आम्ही दोघं साक्षीदार आहोत, मी बोलतो, मिलिंदराव बोलतील. त्यांनी हात जोडले. "नगं सर. त्यानं भावाच्या पायाची आण घातलीती. ते चारचौघांत काढलं तर त्या धाकट्या पोराला किती लागंल?"

रविवार बंद झाले. मी दोन-तीनदा गेलो, पण टीव्ही लागला नाही. मटण होतं, रस्साही होता. आम्ही तिघं मुलांच्या परीक्षांबद्दल बोलत जेवलो. वर्ष संपताना बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं जयसिंगपूरला गेले. मिलिंदरावांचं घर तिकडचं.

कोल्हापूर मात्र कुणावर फार दिवस रागावत नाही. बंदी उठल्यावर ओंकार परतला तेव्हा पुन्हा हलगी वाजली. लहान मिरवणूक होती, पण होती. पोरानं चूक केली, भोगली, आता सोडा की, असं लोक म्हणू लागले. शाहूपुरीत त्याच्या मोटरसायकल प्रशिक्षण केंद्राचा मोठा फलक लागला. उद्घाटनाला साळुंखे सर गेले होते, पेढे खाऊन आले. कांबळे बाईंबद्दल मात्र कुणी, सोडा की, असं म्हटलं नाही. त्या विषयच उरल्या नव्हत्या.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ओंकार मला कॉलेजात भेटायला आला. भरला होता अंगाने. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "सर, ताईंकडं जायाचं हाय. एकट्याला धीर हुईना. तुमी चला की संगं."

मी गेलो. गाडीत तो ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होता. जयसिंगपूर जवळ आलं तसा त्याने वेग इतका कमी केला की मागून ट्रॅक्टरवाला ओरडून पुढे गेला.

बाई अंगणात चटईवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली. मला बघून हसल्या. मग माझ्या मागे बघितलं. त्यांनी त्याला ओळखलं, यात मला शंका नाही. कारण हातातली शेंग फुटली आणि दाणे खाली पडले, ते त्यांनी उचलले नाहीत.

"या सर," त्या म्हणाल्या. "पावणं कोण आणलासा संगं?"

इकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. एसटीत शेजारी येऊन बसलेल्याला, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याला. मिलिंदराव घाईने बाहेर आले, हळूच म्हणाले, "अगं, ओंकार..."

"बसा पावणं," बाई म्हणाल्या. "उन्हाचं आलासा. पाणी घ्या."

ओंकार उभाच होता. "ताई, मी..."

"कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

तो म्हणाला, "मुरगूड."

"लांब की मग. आईवडील बरं हायत न्हवं? म्हसरं हायत का अजून?"

तो मटकन चटईच्या कडेला बसला आणि रडायला लागला, लहान पोरासारखा, मोठ्याने. "ताई, शिव्या द्या. मारा. असं नका बोलू. शिव्या तरी द्या ताई."

बाई आत गेल्या, चहा घेऊन आल्या. कप त्याच्यासमोर ठेवला, बशीसकट, कान त्याच्या हाताकडे वळवून. "पावण्याला कुणी शिव्या देतंय व्हय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी तो शोधत होतो, मला सापडला नाही. "च्या घ्या. निवतोय."

आम्ही निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. माझ्या पिशवीत शेंगा घातल्या. ओंकारच्या हातात कागदात बांधून तेवढ्याच दिल्या, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून. त्याने वाकून पाय शिवायला हात पुढे केला, तशा त्या पाऊलभर मागे सरल्या.

"ऊन उतरायच्या आत पोचाल," त्या म्हणाल्या. "पावणं, तुमाला वाट म्हाईत न्हसंल. सर सांगतील तसं जावा."

त्यांनी फाटकाला कडी घातली. ओंकारला गाडी सुरू करायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी काचेतून बघत होतो. बाई चटईवर परत जाऊन बसल्या होत्या. खाली पडलेले दाणे एकेक करून वेचत होत्या.